‘लागलं तर’चं वजन

शेळकेभाऊंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ‘या, बसा’ असं काही म्हणाले नाहीत. मुकुंदवाडीतल्या त्यांच्या घराच्या दारात मी उभी राहिले, तर त्यांनी माझ्या खांद्यावरची पर्स अलगद उतरवून घेतली आणि चौकटीला टांगलेल्या हुकाच्या काट्याला अडकवली. रद्दीवाल्याकडे असतो तसला काटा. सुई थरथरली, थांबली. भाऊंनी चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला.

“दोन किलो तीनशे. बाई, गावाला चालल्यात का?”

“नाही हो, तुमच्याकडेच आलेय.”

“मग जाताना एक किलो इथं ठेवून जा. खांदा तुमचाच हाय ना?”

त्या पर्समध्ये दोन चष्मे होते, तिसऱ्या चष्म्याचं रिकामं घर होतं, घडीची छत्री, आमसुलं, सुईदोरा, बरीच पेनं (त्यातली दोन चालणारी) आणि शाळेतल्या माझ्या कपाटाची किल्ली. शाळेतून मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. कपाट केव्हाच भंगारात गेलं होतं.

मी तेव्हा एकसष्ट वर्षांची. आता सत्तरी गाठली आहे, त्यामुळे त्या पोरसवदा बाईबद्दल स्पष्ट बोलायला हरकत नाही. ती भयंकर शहाणी होती. तेहतीस वर्षं गणित शिकवल्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न फळ्यावर मांडला की सुटतो, असा तिचा समज होता. निवृत्तीनंतर भजनी मंडळात जायच्या वयात तिने परीक्षा देऊन हॅम रेडिओचा परवाना काढला. म्हणजे सरकारची परवानगी घेऊन, हौसेखातर वायरलेसवर बोलायचं. मोबाइल खिशात असताना वायरलेसवर कशाला बोलायचं, हे सुनेने विचारलं होतं. त्यावर मी अर्धा तास उत्तर दिलं आणि तिने पुन्हा कधी काही विचारलं नाही.

या हौसेतही एक पोटहौस असते. रेडिओ पाठीवर घेऊन डोंगरावर चढायचं, माथ्यावर स्टेशन मांडायचं आणि तिथून किमान चार वेगवेगळ्या माणसांशी बोलायचं. चार झाले तर शिखर तुमच्या नावावर लागतं. तीन झाले तर तुम्ही नुसतेच डोंगर चढून आलात. चारही जण माथ्यापासून लांब असले पाहिजेत, शेजारी बसलेला माणूस धरत नाहीत. मला निदान एक शिखर नावावर हवं होतं. आयुष्यभर पोरांना शिखराची उंची काढायला लावली, पण स्वतः गोगाबाबा टेकडीच्या वर कधी गेले नव्हते.

“शेळकेभाऊंना भेटा,” असं सगळ्यांनीच सांगितलं. भाऊ टेलिफोन खात्यात लाइनमन होते, आणि वायरलेसचा परवाना त्यांनी माझ्या कितीतरी आधी काढला होता. मूळ बिडकीनकडचे. वडील मेंढरं राखायचे, आणि भाऊंचं अर्धं बालपण मेंढरांमागे या रानातून त्या रानात गेलं. पुढचं आयुष्य खांबावर. दोन्हीकडे सामान पाठीवर. वजनाविषयी त्यांचं मत होतं, आणि ते कुणी विचारायची वाट बघत नसत. भाऊंना जाऊन आता दीड वर्ष झालं. तो काटा वहिनींनी मला दिला आहे. माझ्या घरी येणाऱ्यांची पर्स मी टांगत नाही, पण हात शिवशिवतात.

पहिल्या चढाईला मी भाऊंचं काहीही ऐकलं नाही. खुलताबादच्या पुढे म्हसोबाचा माथा म्हणून एक डोंगर आहे, तो मी निवडला होता. मुलाने परदेशातून पाठवलेला पन्नास वॉटचा सेट मी घेतला. तो चालवायला गाडीची बॅटरी घेतली. अँटेना उभी करायला ॲल्युमिनियमची नळी, ठेवायला घडीचं टेबल, बसायला घडीची खुर्ची. शिवाय थर्मास, हेडफोन, पुठ्ठ्याच्या बांधणीची नोंदवही आणि चौघांना पुरतील इतक्या पोळ्या. भाऊंनी पिशवी काट्याला लावली तर सुई शेवटाला जाऊन टेकली.

“पंधरापुढं आकडाच नाय याला,” भाऊ म्हणाले. “बाई, आपल्याला डोंगरावर बोलायचंय का संसार मांडायचाय?”

“लागलं तर असावं, भाऊ.”

“‘लागलं तर’ लई जड असतं बाई. बॅटरीहून जड.”

बॅटरी आणि टेबल भाऊंनीच मुकाट्याने आपल्या पाठीवर घेतलं, हे मला तेव्हा फार स्वाभाविक वाटलं. माथ्यावर पोचायला सव्वातीन तास लागले. मी खुर्ची मांडली, टेबल मांडलं, सेट चालू केला, माइक हातात घेतला, आणि तोंडातून शब्द फुटेना. दमच नव्हता. पन्नास वॉटमधून पाचेक मिनिटं माझं नुसतं धापा टाकणं शहरभर प्रसारित झालं. शेवटी गारखेड्यातून आमचे दाताचे डॉक्टर काळजीने म्हणाले, “स्टेशन कोणतंही असो, तुम्ही आधी बसून घ्या. जवळ कुणी आहे का?”

दुसऱ्या दिवशी मी पर्समधलं एक किलो घरी ठेवून मुकुंदवाडीला गेले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी खाटेवर माझं सगळं सामान मांडायला लावलं आणि एकेक वस्तू उचलून तिची उलटतपासणी सुरू केली.

“हा सेट पन्नास वॉटचा. तुम्हाला बोलायचंय का पोळ्या भाजायच्यात?”

“लांब पोचतो ना.”

“डोंगर कशाला चढायलो आपण? उंची हाय म्हणून. उंची फुकट मिळू राहिली, मग ताकद कशाला पाठीवर वाहायची? हा हातातला घ्या. पाच वॉट, पाव किलो, बॅटरी त्याच्याच पोटात. संपली की आपलं बोलणं संपलं. माणसानं तेवढंच बोलावं.”

ॲल्युमिनियमच्या नळीकडे तर त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माळ्यावरून त्यांनी जुन्या टीव्हीच्या अँटेनाची चपटी पट्टीसारखी वायर काढली, मोजून कापली, दोन ठिकाणी डाग दिला आणि पतंगाच्या मांज्याच्या चकरीवर गुंडाळली. झाली अँटेना. पैठणच्या धरणावरच्या एका मासेमाराकडून त्यांनी घडीच्या काठीचा गळ आणला होता, तो खेचला की दोन पुरुष उंच व्हायचा. त्याच्या टोकाला ही पट्टी टांगायची. नळी सव्वातीन किलोची होती. गळ आणि पट्टी मिळून तीनशे ग्रॅम भरली. मी मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं आणि नळी बाजूला ठेवली.

पिशवी शिवून घ्यायला आम्ही गुलमंडीत फारूकभाईंकडे गेलो. फारूकभाईंचं कापडाचं दुकान, आणि तेही आमच्यातलेच, परवानाधारक. सेट गल्ल्याशेजारी चालू. गिऱ्हाईक आलं की वाक्याच्या मध्येच गायब व्हायचे. भाऊंनी त्यांच्याकडून छत्रीचं कापड निवडलं. पिशवी शिवून आली, भाऊंनी ती खिशातल्या काट्याला लावली (हो, खिशातला वेगळा होता) आणि परत दिली.

“फारूकभाई, अस्तर निकालो.”

“भाऊ, अस्तर निकाला तो बचता क्या?”

“वोइच चाहिये.”

“बाई,” फारूकभाई माझ्याकडे वळले, “इनको समझाओ. अगली बार ये बोलेंगे, कपडा बी निकालो, सिरफ सिलाई दो.”

समजावणार कोण? मी तोवर भाऊंच्या पुढे गेले होते. नव्याने भक्त झालेली माणसं देवापेक्षा कडक असतात. मी चमच्याचा दांडा हॅक्सॉने कापला. नोंदवहीची पुठ्ठ्याची बांधणी फाडून फक्त चार पानं ठेवली. पेन्सिल निम्मी केली. आणि एके दिवशी, सांगायलाही लाज वाटते, पार्लरमध्ये जाऊन कमरेपर्यंतची वेणी कापून आले. कापलेली वेणी मी भाऊंच्या काट्यावर मोजली. एकशे दहा ग्रॅम. घरी सून दोन दिवस माझ्याकडे चोरून बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने मुलाला फोन करून विचारलं, “आईंच्या आयुष्यात कुणी आलंय का?”

भाऊ मात्र वेणीकडे बघून एवढंच म्हणाले, “आता डोक्याला ऊन लागंल. टोपी घ्या. टोपी किती भरती?”

त्यांची सगळ्यात अवघड रीत मात्र माथ्यावर कळायची. त्यांच्या मायची रीत. मेंढरांबरोबर बिऱ्हाड हलायचं तेव्हा, मुक्काम सोडताना ती घोंगडी अंथरायची आणि त्या मुक्कामात जे लागलं नाही ते घोंगडीवर मांडायची. एकच वस्तू लागोपाठ तीन मुक्काम घोंगडीवर आली की ती आपली राहिली नाही. वाटेत पहिलं भेटेल त्या माणसाला देऊन टाकायची. “मायनं असाच एकदा पितळेचा कंदील दिला,” भाऊ सांगायचे, “आणि बाप आठ दिवस बोलला नाय तिच्याशी. मग नवव्या दिवशी म्हणला, चाल हलकी झाली.” घोंगडी जड, म्हणून डोंगरावर भाऊ गमछा अंथरायचे. बाकी कायदा तोच.

माझी घडीची खुर्ची अशीच गेली. पायथ्याशी शेळ्या राखणारी एक म्हातारी होती, तिला दिली. पुढच्या वेळी आम्ही गेलो तर ती बाभळीच्या सावलीत खुर्चीवर पायावर पाय टाकून बसली होती आणि शेळ्यांना बोटाने हुकूम सोडत होती. मला तिने ओळख दाखवली नाही.

तेव्हापासून मी वस्तू वाचवण्यासाठी माथ्यावर खोटं वागायला लागले. काही गरज नसताना दुर्बिणीतून बघायची, भर दुपारी टॉर्च लावायची. एकदा ढगाचा पत्ता नसताना आणि ऊन उतरलेलं असताना छत्री उघडून दोन मिनिटं उभी राहिले.

“छत्री कुणासाठी?” भाऊंनी विचारलं.

“ऊन आहे ना.”

“ऊन तिकडं हाय, बाई. तुम्ही इकडं उघडली.”

छत्री तिसऱ्या वेळी गमछ्यावर गेली.

होता होता पिशवी दोन किलोवर आली, पाण्यासकट. चढायला सव्वा तास पुरू लागला आणि वर पोचल्यावर माझ्याकडे बोलायला भरपूर दम उरायचा. पण शिखर काही नावावर लागेना. प्रत्येक वेळी गाडी तीनवर अडायची. शहरात आमच्यातले रविवारी सकाळी हमखास भेटणारे म्हणजे दाताचे डॉक्टर, इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एक मॅडम आणि फारूकभाई. बाकीचे परवाना भिंतीवर टांगून झोपणारे. “चौथा मिळंल,” भाऊ म्हणायचे. “अजून शंभर ग्रॅम काढू, म्हंजी लवकर पोचू, जास्त वेळ बोलता येईल.” मलाही ते पटायचं.

त्याच हिवाळ्यात भाऊंचा गुडघा बोलायला लागला. तक्रार त्यांनी एका शब्दानेही केली नाही, फक्त वाटेत फुलं बघायला थांबू लागले. भाऊ आणि फुलं! मी काय ते समजले आणि मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. “द्या ती पिशवी, भाऊ. तुम्ही बसा, मी करते.” गळ मी उभा केला, पट्टी मी टांगली, बोलले मी, लिहिलं मी. पुढच्या चढाईलाही तेच. ‘तुम्ही बसा, मी करते.’ केवढा अभिमान होता मला त्या वाक्याचा! आपण किती प्रेमळ आहोत, किती तयार झालो आहोत, हे स्वतःला ऐकवत मी डोंगरावरून उतरायची.

तिसऱ्या वेळी, निघायच्या आधी, भाऊंनी नेहमीसारखा गमछा अंथरला. न लागलेलं असं काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, “बघा भाऊ, आज गमछा रिकामा.” तर भाऊ गुडघ्यावर हात टेकत सावकाश उठले, दोन पावलं चालले आणि त्या गमछ्याच्या मधोमध जाऊन बसले.

“तीन मुक्काम झाले,” म्हणाले.

मी हसले. खदाखदा हसले. वाटलं, काय विनोद केला म्हाताऱ्याने! उतरतानाही एकदोनदा आठवून हसले. भाऊ माझ्यामागून एकेक पाय जपत उतरत होते. ते हसत नव्हते, हे मला पायथ्याशी गाडीत बसल्यावर कळलं, आणि तेव्हाही वाटलं की दमले असतील.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत, म्हणून मीही चढले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की वहिनी सांगायच्या, “झोपलेत.” सकाळी साडेदहाला. एका फोनला मात्र वहिनी हळूच म्हणाल्या, “बाई, सेटवर कापड टाकून ठेवलंय त्यांनी. मला म्हणले, म्या ‘लागलं तर’मधी गेलो.”

मी फोन ठेवला. मग हाताला काही काम हवं म्हणून नोंदीची पानं काढली. सगळ्या चढायांच्या नोंदी: डॉक्टर, मॅडम, फारूकभाई. डॉक्टर, मॅडम, फारूकभाई. खाली रेघ, बेरीज तीन. आणि तेहतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मुकुंदवाडीत घराच्या गच्चीवर ज्याचा उत्तम सेट आहे, जो रविवारी पहाटे पाचला उठतो, असा शहरातला चौथा माणूस कोण? तीन महिने आम्ही चमच्याचे दांडे कापत होतो, आणि दर वेळी चौथा माणूस सोबत घेऊन वर चढत होतो, जिथे त्याचं बोलणं धरलंच जात नाही.

तडक रिक्षा केली. भाऊ ओट्यावर लसूण सोलत होते. मी पानं पुढे केली, बेरीज दाखवली, फळ्यासमोर उभी असल्यासारखं सगळं समजावून सांगितलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लसणाची पाकळी ताटलीत टाकली.

“समजूत घालू राहिल्यात तुम्ही.”

“समजूत नाही भाऊ, हिशेब आहे हा!”

“म्हंजी खाली बसा म्हणायचं, ते गोड करून. नाय बाई. चौथा कुणी बी होईल. कुणाला तरी परवाना काढायला लावा.”

“तो परवाना येईपर्यंत माझे गुडघे जातील.”

“मंग तुम्ही बी बसा,” भाऊ म्हणाले आणि दुसरा गड्डा उचलला.

वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. “रविवारी जा तुम्ही,” एवढंच बोलल्या. सेटवरचं कापड निघेल असं काही त्यांनी सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

रविवारी मी गेले. सून पायथ्याशी गाडीत थांबली. वर पोचले, गळ उभा केला. पहिल्यांदाच शेजारी कुणी नव्हतं, आणि पिशवी भाऊंच्या काट्यावर न लावता आणलेली. मी सेटचं बटण दाबलं आणि शिखराचं नाव सांगून हाक दिली. डॉक्टर लगेच आले. मॅडम आल्या. फारूकभाई आले, “हाँ बाई, पाच-नौ, पाच-नौ, एकदम साफ, रुको, साडीवाले–” आणि गेले. हे आकडे म्हणजे समोरच्याचा आवाज कसा ऐकू येतो त्याची पावती. पहिला आकडा शब्द किती स्पष्ट त्याचा, दुसरा जोर किती त्याचा. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. बहुतेक लोक ती पावती खिरापतीसारखी वाटतात. भाऊ नाही वाटायचे. त्यांनी मला गच्चीवरून गच्चीवर बोलतानाही कधी चार-सातच्या वर चढू दिलं नव्हतं.

तीन झाले. मी पुन्हा हाक दिली. शांतता. पुन्हा दिली. सेटवरच्या बॅटरीच्या तीन रेघांपैकी एक विझली. जादा बॅटरी नव्हती, ती कधीच गमछ्यावरून गेली होती. डॉक्टर मध्येच म्हणाले, “आज शेळकेभाऊ दिसत नाहीत तुमच्याबरोबर?” मी म्हटलं, “नाहीत,” आणि पुन्हा हाक दिली. पाऊण तास गेला. दुसरी रेघ विझली. मी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शिखरासाठी आले आहे की माफी मागायला, हे मलाच कळेना. शेवटचं म्हणून बटण दाबलं. नेहमीची इंग्रजी हाक देण्याऐवजी तोंडातून निघालं, “कुणी आहे का?”

सेट खुटकला. मग सावकाश, एकेक अक्षर सुटं करत, एक आवाज आला. आपल्या स्टेशनचं नाव, मग माझ्या स्टेशनचं नाव, ठिकाण मुकुंदवाडी. जणू आयुष्यात पहिल्यांदाच भेटतो आहोत. आणि नियमाप्रमाणे पावती.

“तुमचा आवाज पाच-नऊ.”

मी अर्ध्या पेन्सिलीने पानावर लिहिलं. दोनदा लिहिलं, कारण पहिल्यांदा ते वाचता येईना.

“बाई,” भाऊंचा आवाज आला, “वहीत म्या कितवा?”

“चौथे.”

“म्हंजी शिखर लागलं?”

“लागलं भाऊ. तुमच्यावाचून लागलं नसतं. तीन महिने तुमच्यावाचूनच अडलं होतं.”

सेट गप्प झाला. इतका वेळ गप्प, की मला वाटलं रेघ विझली. मग आवाज आला.

“काय म्हणलात? नीट ऐकू आलं नाय. परत बोला.”

अर्ध्या मिनिटापूर्वी पाच-नऊ देणारा माणूस! डॉक्टर ऐकत होते, मॅडम ऐकत होत्या, साड्यांच्या ढिगाआडून फारूकभाईही नक्की कान देऊन होते. मी खडकावर उभी राहिले, शाळेच्या मैदानावर लावायचे तो आवाज लावला, आणि बॅटरीची शेवटची रेघ त्या एका वाक्यावर खर्च केली.